दोर धरणारा चैत्राम

खैरपाड्याच्या भिंतीवर चढणाऱ्या माणसाचं नाव आजूबाजूच्या अकरा पाड्यांत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा दोर कोण धरतो, असं विचारलं तर लोक क्षणभर थांबत आणि मग आठवून सांगत. लग्नात नवरदेवाला सगळे ओळखतात, मांडव कोणी घातला ते कोण विचारतो? मी लिहितोय ते या मांडव घालणाऱ्याविषयी. त्याचं नाव चैत्राम. तो आयुष्यात एकदाही दोरानं त्या भिंतीवरून खाली उतरला नाही. उतरणाऱ्याचा दोर मात्र त्यानं वीस वर्षं धरला.

आधी भिंतीचं सांगतो, कारण ती पाहिल्याशिवाय बाकीचं खरं वाटणार नाही. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, खैरपाडा ही वीस-पंचवीस घरांची वस्ती. मागे एक टेकडी आणि टेकडीच्या कण्यावर ही काळ्या दगडाची भिंत. उंची शंभरेक हात, जाडी पाच-सहा हात आणि लांबी अर्धा कोस. माणसानं बांधली म्हणावी तर एवढी हौस कोणाला असणार? आणि दगड तरी कसे, तर सहा-सहा कोनांचे लांबलचक खांब, सगळे आडवे, एकावर एक रचलेले, टोकं बाहेर. पावसाळ्याआधी बायका घराच्या कडेला सरपणाची थप्पी लावतात ना, तस्सं. पाड्यातले लोक तिला लाकडाची भिंतच म्हणत. कोण्या राक्षसिणीनं लेकीच्या लग्नाचा स्वयंपाक करायला सरपण रचलं, लग्न मोडलं आणि सरपणाचा दगड झाला, अशी त्यांची कथा.

साहेबांची कथा वेगळी होती. साहेब म्हणजे जमिनीच्या पोटातले दगड तपासणारे, कलकत्त्याकडचे गृहस्थ. १९५५ च्या पौषात ते पश्चिम खानदेशात आले आणि धुळ्याहून मला त्यांच्या दिमतीला दिलं. मी कारकून. त्यांनी दगड फोडायचा, मी चिठ्ठीवर नंबर घालून तो डब्यात ठेवायचा. साहेब म्हणाले की फार पूर्वी जमिनीला उभी भेग पडली, तिच्यात खालून तापलेला रस चढला आणि दोन्ही बाजूंनी निवत आत आत तडकत गेला, म्हणून हे खांब आडवे. आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि ही मधली भिंत तेवढी उरली. ऐकायला बरं वाटलं. पण खरं सांगायचं तर मला राक्षसीण लवकर पटली होती.

साहेबांना भिंतीच्या मधल्या उंचीवरचा, कोणी हात न लावलेला तुकडा हवा होता. खाली पडलेले दगड चालत नव्हते. ऊन-पावसानं ते बाद झालेले. मी एरंडोलचा. आमच्याकडे उंचावर जायचं म्हणजे पद्मालयाची चढण, आणि तीही मी धापा टाकत चढतो. तेव्हा मी लगेच चौकशी केली की हे काम दुसरं कोण करील. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, ठाकऱ्या.

ठाकऱ्या त्या भिंतीवरून मध काढी. भिंतीच्या मध्यावर, जिथे खांबांची टोकं पुढे आली आहेत, तिथे आग्या मोहोळाची दहा-बारा पोळी लागत, एकेक सुपापेक्षा मोठं. चैत्र-वैशाखात तो दोरानं वरून खाली उतरे. पायाखाली खांबांची टोकं. प्रत्येक टोकावर आधी हातातल्या दगडानं ठोकायचं. टणटणीत वाजलं तर पाय ठेवायचा. भद्द वाजलं तर तो खांब सुटलेला, कपाटातून खण निघावा तसा हातात येणारा. साऱ्या पाड्यात हा कान ठाकऱ्याइतका दुसऱ्या कोणाला नव्हता.

मी त्याला साहेबांपुढे उभा केला. चाळिशीचा, काटकुळा, दाढी वाढलेली. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चढाले मी तयार शे, सायेब. पन मना दोर धराले कोन्ही नही."

साहेबांचे दोन शिपाई चांगले पैलवान होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. ठाकऱ्या माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच लाज वाटली.

"ताकदनं काम नही ते, भाऊसाहेब. ज्यानी बहीन मना घरमा शे, तोच दोर धरस," तो म्हणाला आणि निघून गेला.

पुढचं मला भटूनं सांगितलं. भटू जंगलाचा जुना राखणदार, आमच्या तंबूवर पाणी भरी. त्या भिंतीवरची ही रीत किती पिढ्यांची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. चढणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानं धरायचा. बाप नको, सख्खा भाऊ नको, मित्र तर नकोच.

"बहीन रांडव व्हवाले नको म्हनीसन भाऊ दोर सोडत नही," भटू म्हणाला. "दुसराले काय पडेल शे?" मग जरा हसून म्हणाला, "आनि नवरा बी बायकोवर हात उचलत नही. उचली कसा? दोर कोना हातमा शे?"

मला ही रीत फार शहाणपणाची वाटली. आमच्या एरंडोलातल्या दोन-तीन जावयांना त्या भिंतीवर नेऊन टांगावं, असंही मनात आलं.

ठाकऱ्याच्या घरातली बहीण म्हणजे दगडीबाई, आणि तिचा भाऊ चैत्राम. आईबाप लवकर गेले, तेव्हा चैत्राम पंधरा-सोळाचा आणि ती पाच वर्षांची. त्यानंच तिला वाढवलं, मोलमजुरी करून, डिंक-मोहाची फुलं वेचून. स्वतःच्या लग्नाचं कधी मनावर घेतलं नाही. तिचं लग्न ठाकऱ्याशी झालं तेव्हा वरातीच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या हातात दोर आला. तेव्हापासून वर्षातले आठ-दहा दिवस तो भिंतीच्या माथ्यावर पाय रोवून बसे, पाठीला गोधडीचा तुकडा, त्यावरून घेतलेला अंबाडीचा दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला पाहुणा. ठाकऱ्याला तो पाव्हनाच म्हणे. वरून खालचा माणूस दिसत नाही. दोर मात्र सगळं सांगतो. एक झटका म्हणजे सोड, दोन म्हणजे धरून ठेव, तीन म्हणजे ओढ. पण चैत्रामला झटक्यांची गरज नव्हती, असं भटू म्हणे. ठाकऱ्यानं डावा पाय बदलला की उजवा, हे तो डोळे मिटून सांगे.

या रीतीच्या पोटात आणखी एक रीत होती, आणि घात तिनंच केला. दोर भिंतीवर गेला की तो घरी परत येईपर्यंत घरच्या बाईनं गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर दोर विरतो. आणि पहिलं पोळं काढून भिंत एकदा उघडली की ठरलेली सगळी पोळी काढून, शेवटी कोंबडं देऊनच बंद करायची. अर्ध्यात सोडली तर पुढल्या वर्षी भिंत माणूस मागते.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात दोघं भिंतीवर होते. माथ्यावरच मुक्काम. घरी दगडीबाईला ताप भरला. चौथ्या दिवशी ती बडबडू लागली. शेजारच्या मंजुळाबाईनं तिला बैलगाडीत घालून शिरपूरच्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं, तर तिनं उंबरा धरला. "दोर घर येऊ दे, मंग जाऊत," एवढंच म्हणत राहिली. सहाव्या दिवशी मंजुळाबाई स्वतः टेकडी चढून आली आणि तिनं निरोप सांगितला, तो ठाकऱ्याला. चैत्राम तेव्हा झऱ्यावर पाण्याला गेला होता.

ठाकऱ्यानं निरोप पोटात ठेवला. त्याचा हिशेब काय होता, तर दोन पोळी राहिली आहेत, भिंत बंद केल्याशिवाय उतरता येत नाही, आणि बहीण आजारी आहे हे कळलं तर चैत्रामचा हात हलेल. दोन दिवसांत उतरू. ताप काय, येतो नि जातो. दोन दिवसांनी ते उतरले तेव्हा पाड्यातून रडणं ऐकू येत होतं.

चैत्रामला निरोपाची गोष्ट तेराव्यानंतर कळली, मंजुळाबाईकडून. तो भांडला नाही, पंचायतीत गेला नाही. ठाकऱ्याला पाव्हना म्हणायचं मात्र त्यानं बंद केलं. कोणत्याच नावानं हाक मारीना. एकाच पाड्यात, हाकेच्या अंतरावर दोन घरं, आणि दोन वर्षं एकमेकांशी शब्द नाही. ठाकऱ्याचं चढणंही सुटलं. बायको नाही, म्हणून तिचा भाऊ नाही, म्हणून दोर नाही. दुसरी बायको कर, असं लोक सांगून थकले. तो रोजगाराला जाई आणि संध्याकाळी ओट्यावर बसून भिंतीकडे बघे.

हे सगळं ऐकून मी साहेबांना सांगितलं की काम होण्यातलं नाही. साहेब हळहळले. मी डबे बांधायला घेतले, आणि मनातून खूष झालो, कारण थंडी फार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाकऱ्याच्या ओट्याशी चैत्राम येऊन उभा राहिला. मी त्याला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. बुटका, रुंद, मान खांद्यात गेलेली. हात मात्र त्या शरीराला न शोभणारे, मोठे. काखेत गोधडीचा तुकडा.

"दोर काढ," तो म्हणाला.

आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली होती. ठाकऱ्या आत गेला आणि आढ्यावरचा दोर घेऊन आला. घरासमोरच त्यानं तो दोन्ही हात पसरून वावभर वावभर ताणून पाहिला, आणि एक टोक चैत्रामच्या हातात दिलं.

भटूनं मला तंबूमागे ओढलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"भाऊसाहेब, सायेबले सांगा, दगड नको म्हना. हाऊ मानूस धराले नही उना, सोडाले उना."

मी साहेबांकडे गेलो. साहेब दुर्बीण पुसत होते, आनंदात होते. त्यांना हे सगळं कुठून सांगायचं, कोणत्या भाषेत, आणि ते मला खुळ्यात काढणार नाहीत कशावरून? मी म्हणालो, "साहेब, तयारी झाली." आजही ते तीन शब्द आठवले की मला माझी चीड येते. एका माणसाचा जीव जाईल असं मला सांगितलं होतं आणि मी साहेबांपुढे हसं होऊ नये म्हणून गप्प बसलो.

भिंतीचं एक टोक टेकडीला टेकलेलं होतं, तिथून माथ्यावर चालत जाता येई. साहेब खाली दुर्बीण घेऊन थांबले. तुकडा किती खोलीवरून काढला ते लिहायला मला वर धाडलं. पाच हात रुंदीच्या त्या वाटेवरून मी कसा गेलो ते विचारू नका. शेवटचे पन्नास हात तर बसून सरकलो. चैत्राम एका उभ्या दगडाला टाचा लावून बसला. पाठीवर गोधडी, त्यावरून दोर. ठाकऱ्यानं कमरेला गाठ मारली, हातोडी खोचली, गळ्यात पिशवी अडकवली. उतरण्याआधी तो चैत्रामसमोर उभा राहिला. मग पाठमोरा झाला आणि कड्याखाली दिसेनासा झाला.

आपण काय करायला चाललो आहोत हे ठाकऱ्याला कळत होतं, याची मला तेव्हा खात्री पटली. साहेबांचा दगड हे निमित्त होतं. त्यानं आपला जीव जिथे द्यायला हवा तिथे दिला होता, आणि घ्यायचा की नाही ते दुसऱ्यावर सोडलं होतं.

दोर हळूहळू सरकत होता. खालून ठोकल्याचा आवाज येई, टण, टण, मग एखादा भद्द. "पंधरा हात उतरना," चैत्राम म्हणाला, मला की स्वतःला कळेना. थोड्या वेळानं, "तीस." तो समोरच्या डोंगराकडे बघत होता. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"नीट धरा हं, चैत्राम."

"तुम्ही लिखा, भाऊसाहेब," तो म्हणाला.

मी लिहिलं, चाळीस हात. दोराला दोन झटके आले. धरून ठेव. मग हातोडी वाजू लागली. मी मोजत होतो, बारा, तेरा, चौदा. पंधरावा घाव वाजला नाही. त्याऐवजी खालून घरंगळल्यासारखा आवाज आला, आणि मग टेकडीच्या पायथ्याशी प्रचंड काहीतरी आदळलं. ठाकऱ्याच्या पायाखालचा खांब निसटला होता.

दोर धावला. चैत्रामच्या हातांतून दोन हात, तीन हात, सर्रकन गेला आणि कातडी जळाल्याचा वास आला. मग थांबला. चैत्राम पुढे ओढला गेला होता, टाचांखालची खडी उडाली होती, पण तो बसलेलाच होता. डोळे घट्ट मिटलेले. ओठ हलत होते. बोटांमधून रक्त दोरावर उतरत होतं.

मी तीन झटक्यांची वाट पाहत राहिलो. ओढ, असं खालून कोणी म्हणेना. दोर नुसता ताणलेला. खाली लोंबकळणारा माणूस जिवंत होता, दोर किंचित हलत होता, पण मागत काही नव्हता. किती वेळ गेला ते मला सांगता यायचं नाही. मला वाटतं, फार नसावा.

मग चैत्रामनं स्वतःहूनच ओढायला सुरुवात केली. मी भान विसरून त्याच्या मागे दोर धरला. टेकडीच्या बाजूनं भटू धावत आला, त्यानंही धरला. काही अंतरानंतर ओझं हलकं झालं. ठाकऱ्याच्या पायांना खांब सापडले होते. कड्यावर आधी त्याचा हात आला, मग डोकं.

वर येऊन तो बसला. एक गुडघा फुटला होता. पिशवीत साहेबांचा दगड तसाच होता. त्यानं चैत्रामचे हात पाहिले. तळव्यांची कातडी सोलून लोंबत होती आणि आत पांढरं दिसत होतं.

"सोडानं व्हतं," ठाकऱ्या म्हणाला.

"सोडालेच उनथू." चैत्राम आपल्याच हातांकडे बघत होता. "सोड, सोड, सांगी ऱ्हायनथू हातले. हात उघडना नही."

यावर ठाकऱ्या रडला. मोठ्यानं, तोंड झाकून न घेता. दगडीबाई गेली तेव्हा तो रडला नव्हता, असं भटू नंतर म्हणाला. चैत्राम रडला नाही. तो चिडला होता, ठाकऱ्यावर नव्हे, त्या दोन हातांवर. दोन वर्षं त्यानं मनाशी जे ठरवलं होतं, ते त्यांनी त्याला विचारल्याशिवाय मोडीत काढलं होतं.

आम्ही त्याला बैलगाडीनं शिरपूरच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत गेले. महिनाभर काही धरायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. साहेबांनी दगड कापून पाहिला, खूष झाले, आणि आठवड्याभरात नंदुरबारकडे गेले.

अपघाताचा जबाब घ्यायचा राहिला होता. सरकारी काम, दगड पडो की माणूस, कागद लागतोच. पंधरा दिवसांनी मी खैरपाड्याला गेलो. जबाब मी घरूनच लिहून नेला होता: खांब निसटला, दोर धरणाऱ्याने दोर धरला, जीवितहानी नाही. खाली अंगठा हवा होता, आणि अंगठा पट्टीत आहे हे मला वाटेत आठवलं. इतका शहाणा मी.

चैत्रामच्या घराला कडी होती. मंजुळाबाईनं ठाकऱ्याच्या घराकडे हात केला.

दार उघडंच होतं. चुलीपाशी चैत्राम मांडी घालून बसला होता, पट्ट्यांतले दोन्ही हात मांडीवर पालथे. समोर ठाकऱ्या. त्याच्या हातात ज्वारीची भाकर, कडेनं करपलेली, मध्ये जाड. त्यानं तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि चैत्रामच्या तोंडात दिला. रोज दोन वेळ तो हेच करत होता. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. दोघांनी मला पाहिलं असावं.

चैत्राम बराच वेळ चावत राहिला.

"कच्ची शे," तो म्हणाला.

"व्हय," ठाकऱ्या म्हणाला. "तिन्हासारखी माले जमत नही."

त्यानं दुसरा तुकडा मोडला, तो जरा करपलेल्या कडेकडचा, आणि पुढे केला. चैत्रामनं तोंड उघडलं.